शेजारच्या गावाची साक्ष किती मानावी?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जेथे गाव किंवा ग्रामपंचायत हा विमा घटक असतो, तेथे प्रमुख पिकासाठी किमान ४ पीक कापणी प्रयोग अपेक्षित असतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचे, अशी ही रीत आहे. तुकड्याचा आकार राज्यागणिक बदलतो. बऱ्याच राज्यांत तो आयत किंवा चौरस असतो, उत्तर प्रदेशात समभुज त्रिकोण, तर पश्चिम बंगालमध्ये वर्तुळ. आकार कोणताही असो, अखेर चार तुकड्यांच्या सरासरीवर गावातील सर्व विमाधारकांची भरपाई ठरते.

चार ही संख्या फार लहान आहे. चारांपैकी एक तुकडा योगायोगाने चिबड जमिनीत गेला किंवा गावातल्या सर्वांत चांगल्या शेतात पडला, की गावाची सरासरी दोन-तीन क्विंटलांनी सहज हलते. प्रयोगांची संख्या वाढवावी तर मनुष्यबळ, वेळ आणि खर्च आड येतो, कारण कापणीचा हंगाम सर्व गावांत एकाच वेळी असतो. अशा कोंडीत संख्याशास्त्र एक मार्ग सुचवते: गावाचा अंदाज करताना केवळ त्याच गावाची नव्हे, तर त्याच्यासारख्या इतर गावांचीही साक्ष काढावी. या मार्गाला ‘अनुभवजन्य बेझ आकलन’ म्हणतात. त्यासाठी लागणारी संगणकीय पॅकेजे आज विनामूल्य उपलब्ध आहेत आणि दोन-चार ओळींच्या आज्ञेत उत्तर देतात. नेमके म्हणूनच एक प्रश्न आता टाळता येत नाही. शेजारच्या गावाची साक्ष किती मानायची, याचे गणित संगणक करील. पण शेजारी कोण, हे कोणी ठरवायचे?

पशुपालकांच्या परिचयाचा विचार

ही पद्धत नवखी वाटली तरी तिच्यामागील विचार पशुपैदाशीच्या क्षेत्रात दीर्घकाळ रुळलेला आहे. वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होते. एका वळूच्या ५ मुलींचे दूध सरासरीपेक्षा बरेच अधिक आढळले आणि दुसऱ्याच्या ६० मुलींचे तेवढेच अधिक आढळले, तर जाणता पशुपालक दुसऱ्या वळूवर अधिक विश्वास ठेवतो. पाच मुलींचे दूध नशिबाने किंवा चांगल्या गोठ्यामुळेही जास्त असू शकते. साठ मुलींबाबत तसे घडणे अवघड.

हा व्यवहारी विवेक सूत्रात मांडता येतो. मुलींची संख्या भागिले मुलींची संख्या अधिक एक स्थिरांक, एवढा भार त्या वळूच्या स्वतःच्या पुराव्याला द्यायचा. दुधाची आनुवंशिकता ०.२५ धरली आणि प्रत्येक मुलीचे एकच वेत मोजले, तर हा स्थिरांक १५ येतो. मग ५ मुलींच्या वळूचा भार ५ भागिले २०, म्हणजे ०.२५, ६० मुलींच्या वळूचा भार ६० भागिले ७५, म्हणजे ०.८०. उरलेला भार कळपाच्या सरासरीकडे जातो. पुरावा कमी असेल तर अंदाज सरासरीकडे अधिक ओढला जातो आणि पुरावा भक्कम असेल तर तो आपल्या जागी राहतो. या ओढीला संख्याशास्त्रज्ञ ‘आकुंचन’ म्हणतात.

थॉमस बेझ यांचा निबंध १७६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पूर्वज्ञान आणि नवा पुरावा यांची सांगड कशी घालावी, हा त्याचा विषय. पण पूर्वज्ञान आणायचे कोठून, हा प्रश्न पुढे दीर्घकाळ वादाचा राहिला. हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये दाखवले की एकाच जातीचे अनेक प्रश्न एकत्र सोडवायचे असतील, तर पूर्वज्ञान त्या आकडेवारीतूनच काढता येते. ‘अनुभवजन्य’ हे विशेषण तेथून आले. जेम्स आणि स्टाइन यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले की ठरावीक गृहीतकांखाली तीन किंवा अधिक सरासऱ्यांचा एकत्र अंदाज करताना अशा आकुंचनाने एकूण वर्गित त्रुटी कमीच होते. यातील ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्व गावांचा हिशोब एकत्र धरला तर लाभ निश्चित होतो. प्रत्येक गावाचा लाभ होईलच असे हे प्रमेय सांगत नाही.

आयोवाचे मक्याचे क्षेत्र

शेतीच्या आकडेवारीत या विचाराचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला नमुना अमेरिकेतील आयोवा राज्याचा आहे. बॅटीस, हार्टर आणि फुलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ काउंटींमधील मका आणि सोयाबीन यांच्या क्षेत्राचा अंदाज केला. प्रत्यक्ष पाहणी केलेले भूखंड केवळ ३७ होते. काही काउंटींच्या वाट्याला एकच भूखंड आला होता आणि कोणत्याही काउंटीच्या वाट्याला सहाहून अधिक नव्हते. तुटपुंज्या पाहणीला जोड म्हणून लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांतील बिंदूंची गणना घेतली गेली. उपग्रहाने सर्वत्र सारखी पण ढोबळ माहिती दिली, पाहणीने थोड्या ठिकाणची पण खरी माहिती दिली, आणि दोहोंचा मेळ प्रत्येक काउंटीच्या पुराव्यानुसार घातला गेला. त्याआधी १९७९ मध्ये फे आणि हेरियट यांनी हाच विचार अल्प लोकसंख्येच्या वस्त्यांच्या दरडोई उत्पन्नाच्या अंदाजासाठी वापरला होता. त्यांचे प्रतिमान आजही लहान क्षेत्रांच्या आकलनाचा पाया मानले जाते.

‘आर’ या मुक्त संगणकीय भाषेतील ‘एसएई’ हे पॅकेज हीच दोन्ही प्रतिमाने चालवते आणि आयोवाची मूळ आकडेवारीही सोबत देते. ज्याला शिकायचे आहे त्याला हाती घेण्याजोगे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्या आकडेवारीत एक बोलकी गोष्ट आहे. हार्डिन काउंटीतील एक भूखंड संशोधकांनी संशयास्पद ठरवून विश्लेषणातून वगळला. पॅकेजच्या मार्गदर्शिकेतील उदाहरणही ती ओळ आधी काढून मगच पुढे जाते. ती ओळ काढण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. ती तशीच राहिली असती, तरीही संगणकाने उत्तर दिलेच असते.

वाणांच्या बहुस्थानीय चाचण्यांत मिश्र प्रतिमानांसाठी ‘एलएमई-४’ हे पॅकेज सर्रास वापरले जाते. त्यातून मिळणारे वाणांचे अंदाजही असेच आकुंचित असतात. जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत जनुकांच्या अभिव्यक्तीसाठी ‘लिमा’ हे पॅकेज आहे. तेथे प्रत्येक जनुकामागे बहुधा तीन-चारच नमुने असतात. म्हणून हजारो जनुकांच्या चढउतारावरून एकेका जनुकाचा चढउतार सावरून घेतला जातो. वळू, गाव, वाण आणि जनुक या चारही ठिकाणी युक्ती एकच: थोडा पुरावा असलेल्याने समूहाकडून उसना घ्यावा.

अर्धा भार आणि ८,७५० रुपये

ही उसनवारी शेतकऱ्याच्या पदरात काय टाकते किंवा काय काढून घेते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. एका गावात पावसावरच्या भाताचे उंबरठा उत्पादन हेक्टरी २० क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. चार प्रयोगांची सरासरी १२ क्विंटल आली. आसपासच्या सर्व गावांची सरासरी १९ क्विंटल आहे. एकाच गावातील प्रयोगा-प्रयोगांतील विचरण ३६ आहे असे धरल्यास चार प्रयोगांच्या सरासरीचे विचरण ९ होते. गावा-गावांतील खऱ्या फरकाचे विचरणही ९ आहे असे समजू. मग गावाच्या स्वतःच्या पुराव्याचा भार ९ भागिले १८, म्हणजे नेमका अर्धा. अंदाज येतो १२ आणि १९ यांच्या मधोमध, १५.५ क्विंटल.

थेट सरासरीनुसार नुकसान ४० टक्के आणि भरपाई हेक्टरी २०,००० रुपये. आकुंचित अंदाजानुसार नुकसान २२.५ टक्के आणि भरपाई ११,२५० रुपये. फरक ८,७५० रुपयांचा.

यातील कोणता आकडा बरोबर? ते गाव आसपासच्या गावांसारखेच असेल आणि चार तुकडे योगायोगाने कमकस शेतांत पडले असतील, तर १५.५ हाच सत्याच्या अधिक जवळचा अंदाज आहे. परंतु त्या गावाची जमीन हलकी असेल आणि भात फुलोऱ्यात असताना नेमक्या त्याच पट्ट्यात पावसाने ओढ दिली असेल, तर १९ क्विंटलांची सरासरी ही त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी मानताच येत नाही. अशा गावाची तुलना हलक्या जमिनीच्या आणि पाऊस हुकलेल्या गावांशी व्हायला हवी. त्या गटाची सरासरी १३ क्विंटल असेल, तर भार तोच अर्धा ठेवूनही अंदाज १२.५ येतो, नुकसान ३७.५ टक्के ठरते आणि भरपाई १८,७५० रुपये होते.

दोन्ही उत्तरे एकाच सूत्राने आणि एकाच पॅकेजने दिलेली आहेत. बदलली ती फक्त शेजाऱ्यांची यादी. ज्या वर्षी विम्याची खरी गरज असते, त्या वर्षी नेमके आपत्तीचे गावच सरासरीपासून दूर गेलेले असते, आणि चुकीच्या गटात पडल्यास त्यालाच ही पद्धत सर्वांत जोराने मागे ओढते. एकूण त्रुटी कमी झाल्याचे समाधान त्या गावाच्या उपयोगाचे नाही.

म्हणून गट पाडण्याचे काम संगणकासमोर बसलेल्या एकट्या विश्लेषकावर सोपवणे योग्य नाही. मातीचा प्रकार, पेरणीचा आठवडा, पावसातील खंड, सिंचनाची सोय, वाणाचा कालावधी या गोष्टी प्रतिमानात सहायक चल म्हणून येतात. पण त्यांतील कोणत्या गोष्टीने यंदा पीक घडवले किंवा बिघडवले, हे शिवार तुडवणाऱ्यालाच आधी कळते. ग्रामस्तरावरील विस्तार कार्यकर्ता हा या गणितातील बिनीचा माहितगार आहे. आजवर त्याच्याकडून केवळ आकडे मागितले गेले. यापुढे आकड्यांचे गट कसे पाडावेत, याविषयीही त्याचे मत लेखी घेतले जावे.

पॅकेज जेथे बोलत नाही

वापरायला सोपे असणे हा पॅकेजचा गुण आहे आणि धोकाही. फे-हेरियट प्रतिमान चालवताना प्रत्येक गावाच्या थेट अंदाजाचे नमुना विचरण वापरणाऱ्याने स्वतः पुरवावे लागते, आणि पॅकेज ते अचूक मानून चालते. वरील उदाहरणात विचरण ९ आहे आणि प्रमाण त्रुटी ३. घाईत विचरणाच्या रकान्यात प्रमाण त्रुटी भरली गेली, तर पॅकेज तक्रार करीत नाही. पुरावा आहे त्याहून भक्कम समजून ते गावाला अवाजवी भार देते. शिवाय चार प्रयोगांवरून काढलेले विचरण स्वतःच डळमळीत असते. एखाद्या गावाचे चारही तुकडे योगायोगाने सारखे निघाले, की त्या गावाचा पुरावा नसतानाही पोलादी भासतो. अशा वेळी अनेक गावांचे विचरण एकत्र करून ते सावरून घ्यावे लागते आणि ही पायरी सांगितल्याखेरीज होत नाही.

दुसरा धोका याच्या उलट आहे. गावांची संख्या कमी असली, की गावा-गावांतील फरकाचे विचरण कधी कधी शून्य निघते. त्याचा अर्थ गावांत फरक नाही असा नसतो. फरक ओळखण्याइतकी माहिती नाही, एवढाच असतो. परंतु विचरण शून्य होताच प्रत्येक गावाचा भार शून्य होतो, आणि प्रत्यक्ष कापलेल्या पिकाच्या वजनाला अंदाजात काही स्थान उरत नाही. ‘एलएमई-४’ अशा वेळी ‘सिंग्युलर फिट’ असा इशारा पडद्यावर देते. हा इशारा ओलांडून पुढे जाता येते आणि अहवालात त्याचा मागमूसही राहत नाही.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. पूर्वज्ञान त्याच आकडेवारीतून काढलेले असल्याने तेही अनिश्चित असते. ते पक्के मानले तर अंदाजाची त्रुटी आहे त्याहून लहान दिसते. प्रसाद आणि राव यांनी १९९० मध्ये यावर दुरुस्ती दिली आणि पॅकेजात सरासरी वर्गित त्रुटीसाठी वेगळी आज्ञा आहे. पण ती वेगळी आहे, म्हणजेच ती न चालवताही अंदाज हाती येतो. त्रुटीविना छापलेला अंदाज हा अर्धाच अंदाज होय.

ठरावीक भाराचे समर्थन आणि त्याची मर्यादा

या साऱ्या गुंतागुंतीपेक्षा ठरावीक टक्केवारी बरी, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. पीक विमा योजनेत २०२३ पासून ‘यस-टेक’ या कार्यपद्धतीनुसार आधी भात व गहू या पिकांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्यास सुरुवात झाली. पुढे सोयाबीनचाही त्यात समावेश झाला. टक्केवारी जाहीर असली की कोणताही शेतकरी कागद-पेन्सिलीने हिशोब ताडून पाहू शकतो. भार आधीच ठरलेला असल्याने निकाल पाहून तो बदलण्याचा मोहही उरत नाही. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात हे दोन्ही गुण मोलाचे आहेत.

तथापि ठरावीक भाराला पुराव्याची पारख नसते. जेथे ४ प्रयोग काळजीपूर्वक झाले आणि जेथे ४० झाले, तेथे तो सारखाच भार देतो. ढगाळ हंगामात उपग्रहाच्या प्रतिमा अपुऱ्या असोत वा स्वच्छ आकाशात भरपूर असोत, त्याला फरक पडत नाही. पुरावा तोलून भार देणारी पद्धत अधिक न्याय्य आहे. मात्र तिने ठरावीक टक्केवारीचा उघडेपणा आपल्यात आणला, तरच ती स्वीकारार्ह होईल. अचूकता आणि पारदर्शकता यांतील एकच निवडण्याची वेळ शेतकऱ्यावर यावी, असे काहीही या गणितात नाही. वर दिलेला हिशोब बेरीज-भागाकाराच्या पलीकडे गेलेला नाही.

चार अटी

लहान क्षेत्रांच्या उत्पादनाचे अंदाज या पद्धतीने काढायचे असतील, तर चार अटी पाळल्या जाव्यात.

पहिली, प्रत्येक गावासमोर तीन आकडे छापले जावेत: थेट सरासरी, गटाची सरासरी आणि गावाच्या पुराव्याला दिलेला भार. अंतिम अंदाज या तिहींतून कोणालाही काढून पाहता यावा, आणि त्यासोबत त्रुटीही द्यावी.

दुसरी, गट कोणत्या निकषांवर पाडायचे हे कापणीपूर्वी, विस्तार यंत्रणेच्या सल्ल्याने ठरवून जाहीर केले जावे. हंगामात अनपेक्षित आपत्ती आल्यास गट बदलण्याची मुभा असावी. पण बदलाचे कारण लेखी नोंदले जावे.

तिसरी, गावांच्या अंदाजांची क्षेत्रानुसार भारित सरासरी जिल्ह्याच्या विश्वसनीय अंदाजाशी जुळवून पाहिली जावी. आणि थेट सरासरीपासून फार दूर ओढल्या गेलेल्या गावांची यादी वेगळी काढून त्यांची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. आकुंचनाचा एखाद्या गावावर अन्याय झाला असेल, तर तो या यादीतच सापडेल.

चौथी, वापरलेली आज्ञावली, पॅकेजची आवृत्ती आणि पडद्यावर आलेले इशारे अहवालासोबत जपले जावेत. मुक्त पॅकेज वापरण्याचा खरा लाभ फुकटेपणात नाही. दुसऱ्या कोणालाही तोच हिशोब पुन्हा करून पाहता येतो, यात आहे.

यासाठी विस्तार कार्यकर्त्याने संगणकाची भाषा शिकण्याची आवश्यकता नाही. भार म्हणजे काय, गट कोणता आणि त्रुटी किती, हे तीन प्रश्न विचारण्याइतकी समज पुरे. ही अपेक्षा नवी नाही. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हा ग्रंथ लिहिला आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९५४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच शेतीत काम करणारा माणूस होता. त्या काळी हिशोब हाताने होत असे आणि प्रत्येक पायरी डोळ्यांखालून जात असे. आज पायऱ्या पडद्याआड गेल्या आहेत. म्हणून त्यांविषयी विचारणे हे शिवारात काम करणाऱ्याचे कर्तव्य अधिकच ठळक झाले आहे. पाऊस कोणत्या शिवारावर पडला आणि कोणत्या शिवाराला चुकवून गेला, हे त्याने सांगितल्याशिवाय गावाचा शेजारी कोण, हे संगणकाला कधीच कळणार नाही.